टेस्टोस्टेरॉनसाठी जाणकार डॉक्टर कसा शोधावा?

आजचा विषय पुरुष घरात काढत नाहीत आणि मित्रांत निघाला तर चेष्टेवारी नेतात. सतत थकवा, कामेच्छा मंदावणे, सकाळची ताठरता नाहीशी होणे. मग एक तर माणूस गप्प बसतो, नाहीतर स्टेशनजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ म्हणून रंगवलेला फोन नंबर फिरवतो. तिसरा रस्ता जिममधून जातो. तिथे कुणीतरी सरळ इंजेक्शनच हातात ठेवतो.

या तिन्हींपेक्षा चांगली वाट आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळुरूला, ती सगळीकडे सारखीच आहे.

पहिला प्रश्न, जायचं कुणाकडे? हार्मोनचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. एमडीनंतर त्यांनी या विषयातलं डीएम किंवा त्याच तोडीचं शिक्षण घेतलेलं असतं. पाटीवर ‘हार्मोन स्पेशालिस्ट’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, पदवी वाचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी पाहता येते. पुरुषांच्या तक्रारींचा अनुभव असलेले युरोलॉजिस्टही हे काम करतात. जवळपास कुणीच नसेल, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा.

आता समोरचा डॉक्टर जाणकार आहे हे ओळखायचं कसं? तो घाई करत नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवसभरात उतरतं, जेवल्यावरही कमी दिसू शकतं. म्हणून तपासणी सकाळी उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी करायची. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने 2018 मध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा सुचवली, पण आकड्याबरोबर लक्षणंही हवीत. संध्याकाळच्या एकाच रिपोर्टवर इंजेक्शन लिहून देणाऱ्याकडून उठून या.

जाणकार डॉक्टर पुढे ‘कमी का झालं?’ हे शोधतो. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन तपासतो. दोष वृषणांत आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे त्यावरून कळतं. तो मधुमेह, वजन, झोपेतलं घोरणं, चालू असलेली औषधं विचारतो. कित्येकदा वजन उतरवलं, झोप सुधारली की आकडा आपोआप वर येतो.

आणि एक प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे: ‘तुम्हाला मूल हवंय का?’ बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना दिलेला हुकूम थांबवतो आणि शुक्राणू तयार होणं घटतं, कधी पूर्ण बंद पडतं. औषध थांबवल्यावर बहुतेकांत ते परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. लग्न ठरलेल्या, बाळाची वाट पाहणाऱ्या तरुणाला हे कुणी सांगितलं नाही, तर नुकसान एकट्या त्याचं नसतं, दोघांचं असतं. त्याने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. मूल हवं असलेल्यांसाठी वेगळे उपचार आहेत.

उपचार सुरू झाले म्हणजे काम संपलं असं नाही. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेलं तर रक्त दाट झालंय, औषध थांबवावं किंवा कमी करावं लागतं. चाळिशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसएकडेही लक्ष हवं. हृदयाचं म्हणाल, तर 2023 मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचं प्रमाण औषधाने वाढलं नाही. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गाठ हे प्रकार थोडे जास्त दिसले. ‘काही धोका नाही’ म्हणणारा आणि ‘हे विषच आहे’ म्हणणारा, दोघंही अर्धवट सांगतात.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि जिममध्ये काही घेतलं असेल तर तेही सांगायची तयारी ठेवा. पत्नीला सोबत न्यायला हरकत नाही. प्रश्न कागदावर लिहून न्या. जो डॉक्टर त्यांची उत्तरं शांतपणे देतो, तो धरून ठेवा.