चोवीस तासांचा हिशेब : वर्तुळमार्गावरील मोटारसायकल प्रवास आणि सीमाभागातील रस्ते



मोटारसायकलीवरून चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर अंतर कापण्याचा एक क्रीडाप्रकार पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. अमेरिकेतील ‘आयर्न बट असोसिएशन’ ही संस्था असा प्रवास पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र देते. त्यासाठी प्रारंभाचे व समाप्तीचे साक्षीदार, पेट्रोल भरल्याच्या वेळेसह पावत्या आणि अंतरमापकावरील नोंदी सादर कराव्या लागतात. ही शर्यत नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. कोणी कोणाच्या पुढे जावयाचे नसते. घड्याळ आणि स्वतःचे शरीर हेच काय ते प्रतिस्पर्धी. भारतातही मोटारसायकलस्वारांनी हा प्रयत्न केलेला आहे, आणि बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील मराठी तरुणांमध्येही त्याविषयीचे कुतूहल वाढीस लागले असल्यास नवल नाही.

या प्रवासासाठी काही स्वार सरळ मार्गाऐवजी वर्तुळमार्ग निवडतात. लंडन शहराभोवतीचा ‘एम-२५’ हा मार्ग त्याचे ठळक उदाहरण होय. २९ ऑक्टोबर १९८६ रोजी पूर्ण झालेल्या या मार्गाची लांबी सुमारे १८८ किलोमीटर आहे. म्हणजे हजार मैलांसाठी साडेआठांहून थोड्या अधिक फेऱ्या माराव्या लागतात. वर्तुळाचे फायदे उघड आहेत. परतीची चिंता नाही, पेट्रोल कोठे मिळेल ते ठाऊक, गाडी बिघडली तरी घर फार दूर नाही. परंतु तोटाही तितकाच मोठा. तीच कमान, तीच पाटी, तोच उतार नवव्यांदा समोर आला की मन रस्त्यावरून उठते. अनोळखी रस्ता स्वाराला जागे ठेवतो. पाठ झालेला रस्ता त्याला झोपवतो.

आता आकडेमोड पाहू, कारण खरी गोम तेथेच आहे. चोवीस तासांत १६०९ किलोमीटर म्हणजे ताशी ६७ किलोमीटरांची सरासरी. हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल, यात काय मोठेसे? परंतु ही सरासरी थांब्यांसह आहे. इंग्लंडच्या मोटरवेवर ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर वेगास अनुमती आहे. त्या वेगाने सारे अंतर सव्वाचौदा तासांत संपते आणि पेट्रोल, जेवण, झोप व वाहतुकीची कोंडी यांसाठी साडेनऊ तासांहून अधिक अवधी उरतो. आपल्याकडे केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेत मोटारसायकलीसाठी चौपदरी दुभाजकयुक्त मार्गावर ताशी ८० व नगरहद्दीबाहेरील इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा ठरविण्यात आली. ८० च्या वेगाने एक क्षणही खंड न पडता धावले, तरी २० तास लागतात. उरतात जेमतेम चार. ६० च्या वेगाने जवळजवळ २७ तास लागतात; म्हणजे मुदतच उलटून जाते. प्रत्यक्षात अखंड कमाल वेगाने कोणीच धावू शकत नाही. तेव्हा हा विक्रम आपल्या रस्त्यांवर करावयाचा तर एकतर वेगमर्यादा मोडावी लागते किंवा झोप सोडावी लागते, आणि बहुधा दोन्ही घडते. परदेशातील मोजमाप जसेच्या तसे उचलले की असा घोटाळा होतो.

मग सीमाभागातील तरुणाने असा वर्तुळमार्ग शोधावा तरी कोठे? बीदरपासून जवळचा मोठा वर्तुळमार्ग हैदराबादचा. सुमारे १५८ किलोमीटर लांबीचा हा आठपदरी बाह्यवळण रस्ता लंडनच्या मार्गाशी सहज तुलना करण्याजोगा आहे. परंतु त्याच्या मुख्य मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तीच बंदी. राहता राहिले गावोगाव जोडणारे रस्ते. बीदर, हुमनाबाद, बसवकल्याण, भालकी आणि पुन्हा बीदर अशी फेरी कागदावर मोठी आकर्षक दिसते. तथापि, हिवाळ्यात या वाटेवर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. त्यांपैकी कित्येकांच्या मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. अंधारात ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे स्वाराला दिसतात ते हाताच्या अंतरावर. कलबुर्गीकडे वळावे तर तुरीच्या सुगीत रास करण्यासाठी रस्त्यावरच पसरलेले पीक भेटते. वाळलेल्या तुरकाट्यांवरून दुचाकीचे चाक कसे सरकते, हे त्या भागातील कोणालाही वेगळे सांगावयास नको. शिवाय कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणारे भाविक रात्रीच रस्त्याच्या कडेने चालत असतात. इंग्लंडच्या मोटरवेवर पादचाऱ्याला प्रवेशच नाही. येथे रस्ता हा सर्वांचा आहे, आणि तो तसाच राहणार.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत अथवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. एकट्याने केलेला दीर्घ प्रवास शर्यत ठरत नाही. पण चार मित्रांनी ‘कोणाच्या फेऱ्या आधी होतात’ असे म्हटले की तिचे रूप पालटते.

याहून महत्त्वाचा प्रश्न झोपेचा. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. भारतीय कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के एवढीच आहे. म्हणजे थेंबभर दारू न पिताही जागरणाने मनुष्य त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेला पोहोचतो, आणि हे पकडणारे यंत्र कोणा हवालदाराच्या हाती नाही. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६७ मीटर आंधळा प्रवास. पहाटे दोन ते पाच ही वेळ सर्वांत घातक. चहा, थंड पाणी, गाणी हे उपाय काही मिनिटांचे. झोपेला झोप हाच उतारा. नोकरीतील मोटारचालकांसाठी संसदेने १९६१ साली केलेल्या कायद्याने दिवसाला आठ तास कामाची आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मर्यादा घातली, ती याच कारणासाठी. हौशी स्वाराला असा कोणीही मालक अथवा निरीक्षक नसतो.

विक्रमाच्या मागे लागणारे थोडेच. परंतु नकळत हीच कसोटी देणारे पुष्कळ आहेत. पुण्याच्या कारखान्यात दिवसभराची पाळी संपवून दिवाळीच्या आदल्या रात्री भालकी, औराद वा आळंदकडे मोटारसायकलीने निघणारा मुलगा कोणत्याही प्रमाणपत्रासाठी निघत नाही. भालकीपर्यंतचे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक. सकाळी सहाला उठलेला हा मुलगा रात्री आठला निघाला, तर सोलापूरच्या आसपासच त्याचे सतरा तास भरतात आणि उमरग्यापुढचा रस्ता नेमका त्या घातक प्रहरात येतो. मागे बहुधा पत्नी बसलेली, पुढे टाकीवर मिठाईची पिशवी.

दीर्घ प्रवासाचे जाणकार स्वार वेग वाढवून वेळ वाचवीत नाहीत. ते थांबे आखतात. दर दोन तासांनी उतरणे, तहान लागण्यापूर्वी पाणी, जड जेवण टाळणे, निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण झोप आणि डोळे जड होताच वीस मिनिटांची डुलकी, हे त्यांचे नियम. पुण्याहून येणाऱ्यासाठी याचा अर्थ इतकाच, की पाळी संपल्यावर झोपावे आणि पहाटे पाचला निघावे. सोलापुरात न्याहारी, उमरग्याला चहा. दुपार कलण्यापूर्वी तो भालकीच्या वेशीत असतो, आणि ओवाळणीचे तबक तोवर मांडलेलेही नसते.