पुढची केमो घ्यायची का?

जठराचा, म्हणजे आपण ज्याला पोटाचा कॅन्सर म्हणतो तो, आपल्याकडे बहुतेक वेळा उशिरा कळतो. पोट जड वाटतं, जेवण जात नाही, जळजळ होते. ॲसिडिटी समजून गोळ्या घेण्यात महिने निघून जातात. दुर्बिणीने तपासणी होते तोवर आजार यकृतात किंवा पोटाच्या आवरणावर पसरलेला असतो. मग ऑपरेशनने तो मुळापासून काढता येत नाही. केमोथेरपी दिली जाते ती आयुष्य वाढावं आणि त्रास कमी व्हावा म्हणून. पहिल्या औषधांचा काही महिने गुण येतो आणि मग एखाद्या सीटी स्कॅनमध्ये गाठी पुन्हा वाढलेल्या दिसतात. त्यानंतरच्या औषधांना आम्ही ‘दुसऱ्या फळीची केमो’ म्हणतो. ती घ्यायची का, आणि घेतली तर किती आशा धरायची, याविषयी आज बोलायचं आहे.

कॅन्सरवर औषधोपचार करणारा डॉक्टर म्हणून या वळणावर मला दोन तऱ्हेचे नातेवाईक भेटतात. एक म्हणतात, ‘काहीही करा, पैशाकडे बघू नका.’ दुसरे म्हणतात, ‘आता पुरे, उगाच हाल नकोत.’ दोघांच्याही बोलण्यात माया असते. पण ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललेलं असतं, तो माणूस पुष्कळदा बाहेर बाकावर बसलेला असतो.

आधी आकडे पाहू. दुसऱ्या फळीच्या केमोचा खरोखर उपयोग होतो का, याचा पक्का पुरावा २०११ ते २०१४ या काळात मिळाला. जर्मनीत अवघ्या ४० रुग्णांचा अभ्यास झाला. केमो घेतलेले ४ महिने जगले, न घेतलेले २.४ महिने. कोरियात सुमारे २०० रुग्णांमध्ये हेच आकडे ५.३ आणि ३.८ महिने आले. ब्रिटनमध्ये १६८ रुग्णांत ५.२ आणि ३.६ महिने. म्हणजे फरक साधारण दीड महिन्याचा. ब्रिटनच्या अभ्यासात केमो घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, ही जमेची बाजू. पण गंभीर जंतुसंसर्ग त्यांच्यापैकी १९ टक्के लोकांना झाला; केमो न घेणाऱ्यांत ३ टक्क्यांना.

त्यानंतर गाडी थोडी पुढे सरकली. २०१४ मध्ये ६६५ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल या जुन्या औषधाला रॅम्युसिरुमॅबची जोड दिली. जोडी घेणारे ९.६ महिने जगले, एकटं पॅक्लिटॅक्सेल घेणारे ७.४ महिने. ज्यांच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान हे औषध आलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणारे १४.७ महिने जगले, तर आधी सांगितलेली जोडी घेणारे ११.४ महिने. म्हणून दुसरी फळी ठरवण्याआधी हर-टूची तपासणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पहिल्या उपचारानंतर हे प्रथिन काही रुग्णांत नाहीसं होतं.

आता हे महिने म्हणजे नेमकं काय? तो ‘मध्यक’ असतो. शंभर रुग्ण किती काळ जगले त्या क्रमाने एका रांगेत उभे केले, तर साधारण पन्नासाव्याचा काळ म्हणजे मध्यक. निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे त्याच्या पुढे, आणि त्यातले काही बरेच पुढे. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा दुर्मिळ कॅन्सर झाला. त्या आजाराचा मध्यक आठ महिने होता. ते त्यानंतर वीस वर्षं जगले. मध्यक ही कुणा एकाची मुदत नसते, हे त्यांनी १९८५ च्या लेखात सांगितलं. मात्र त्यांचा आजार वेगळा होता. जठराच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या फळीनंतर दोन वर्षांपलीकडे जाणारे थोडेच असतात. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि रुग्णाला दोन्ही कळायला हवं.

आणखी एक गोष्ट. हे आकडे हिंडत्याफिरत्या रुग्णांचे आहेत. अंघोळ, जेवण स्वतःचं स्वतः करणारा आणि दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणाबाहेर असणारा माणूस केमो सोसू शकतो. जो बहुतेक वेळ पडूनच असतो, त्याला फायद्याची आशा कमी आणि अपायाची भीती जास्त. डॉक्टरांना हे दहा मिनिटांत पूर्ण दिसत नाही, घरच्यांना दिसतं. तपासणीच्या दिवशी रुग्णाला उसनं अवसान आणून उभं करू नका. आहे तसं सांगा.

मिळालेल्या वेळाची किंमतही पाहायला हवी. पॅक्लिटॅक्सेल साधारणपणे तीन आठवडे दर आठवड्याला एकदा आणि मग एक आठवडा विश्रांती, असं देतात. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला रक्ततपासणी, मुक्काम, सलाइन आणि परतीचा प्रवास यांत आठवड्याचे दोन-तीन दिवस जातात. केस जातात, हातापायांना मुंग्या येतात, पांढऱ्या पेशी उतरतात. ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. पैशाचंही स्पष्ट बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. नेमकं कोणतं औषध बसतं ते आरोग्यमित्राला विचारा. जमीन विकण्याआधी हे विचारलेलं बरं.

‘त्यांना सांगू नका, खचतील,’ असं मुलं मला सांगतात. एका शेतकरी आजोबांच्या मुलानेही हेच सांगितलं होतं. मी आजोबांना एवढंच विचारलं, ‘तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय?’ ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, दोन पोरांची वाटणी माझ्या हातानं करून द्यायचीय. तेवढे दिवस पाय चालतील का बघा.’ त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. आम्ही केमो सुरू केली आणि तहसीलच्या तारखा सांभाळून दिली. वाटणीची नोंद झाली. दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला, तेव्हा ‘आता बास’ हे त्यांनीच सांगितलं. पुढचे दिवस ते घरी राहिले, मॉर्फीनच्या गोळ्यांवर, ओसरीवर बसून.

मॉर्फीनला घाबरू नका. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळणं सोपं करण्यात आलं. वेदना, उलट्या, झोप, मनाची घालमेल यांवर होणाऱ्या उपचारांना परिहार सेवा म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून हे काम करतं. ही सेवा केमो थांबल्यावरच घ्यायची असते असं नाही. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेऊन अमेरिकेत केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. केमोच्या बरोबरीने सुरुवातीपासून ही सेवा घेणारे ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९ महिने, आणि त्यांची तब्येत, मनःस्थितीही चांगली राहिली.

तेव्हा अशी वेळ घरात आली तर रुग्णाला बरोबर बसवून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. या औषधाने जास्तीत जास्त आणि कमीत कमी काय होऊ शकेल? त्यासाठी किती दिवस दवाखान्यात जातील? उपयोग होतोय की नाही हे कधी तपासणार, आणि होत नसेल तर कधी थांबायचं? केमो घेतली नाही, तर त्रास कमी करण्यासाठी तुम्ही काय कराल? त्यांच्याआधी एक प्रश्न मात्र घरीच रुग्णाला विचारा, की उरलेल्या दिवसांत तुम्हाला काय करायचं आहे. त्याचं उत्तर कळलं की दीड महिना थोडा की पुष्कळ, हे ठरवणं सोपं जातं.