कर्मवीर दादासाहेब गायकवाड : गावाचे प्रश्न दिल्लीपर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी भगवान बुद्धांवर आणि परमपूज्य बाबासाहेबांवर बोलणे होतेच, आणि ते झालेच पाहिजे. पण बाबासाहेबांचा शब्द प्रमाण मानून ज्यांनी आयुष्यभर खेडोपाडी पायपीट केली, त्यांची आठवण आपण किती ठेवतो? दादासाहेब गायकवाड हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना एखाद्या सभागृहाच्या पाटीवरून किंवा सरकारी योजनेच्या फॉर्मवरून माहीत आहे. मुलांना विचारले तर ती कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतात. दोघेही भाऊराव आणि दोघेही कर्मवीर, त्यामुळे घोटाळा होतो. म्हणून आज आम्ही दादासाहेबांविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडणार आहोत.

दादासाहेबांचे पूर्ण नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी. गावगाड्यात महारकी म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. वतनाच्या नावाखाली जमिनीचा एक तुकडा आणि त्या बदल्यात सरकारचे व गावाचे रात्रंदिवस राबणे. निरोप पोचवा, सारा भरायला लोकांना बोलवा, अंमलदाराचे सामान वाहा, मेलेले ढोर ओढा. तुकडा एवढासा आणि त्यात भावकी मोठी. पोट भरत नाही आणि गावही सोडवत नाही, अशी ती वेठबिगारी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे बिल आणले ते याचसाठी.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे, आणि स्थानिक कामाचा भार भाऊरावांवर. ते सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. खेड्यापाड्यांतून हजारो माणसे आली. त्यांच्या भाकरीची सोय, मुक्कामाची सोय, दरवाज्यांवर बसणाऱ्या तुकड्या, कोर्टकचेरी, पकडलेल्यांच्या घरची विचारपूस, हे सगळे कोणीतरी करावे लागते. भाषण एक तासाचे असते, पण सत्याग्रह पाच वर्षे चालवायचा असतो. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी भाऊरावांना कळवले की मंदिरात जाऊन देव पाहणे हा आपला हेतू नव्हता, लोक जागे व्हावेत हा होता, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ज्या विहारात आपण आज बसलो आहोत, त्याचा पाया एका अर्थी तिथेच घातला गेला.

१९३७ साली दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर मुंबई विधानसभेत निवडून गेले आणि १९४६ पर्यंत तिथे होते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दादासाहेब त्याचे आघाडीचे नेते झाले. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. ही झाली त्यांच्या आयुष्याची यादी. पण यादी पाठ करून माणूस कळत नाही. दादासाहेबांचे मोठेपण कशात होते, हे समजायचे असेल तर जमिनीचा प्रश्न पाहिला पाहिजे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी एक दुःख बोलून दाखवले. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, ते स्वतःच्या पोटामागे लागले, आणि खेड्यातला भूमिहीन माणूस मात्र तसाच राहिला, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्या आधी १९५३ साली मराठवाड्यात फेडरेशनने पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला होता. बाबासाहेब गेले आणि हा प्रश्न कोण हाती घेणार, असे झाले. तो दादासाहेबांनी हाती घेतला.

त्यांचा हिशोब सरळ होता. जो माणूस दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो, त्याला मत देताना मालकाकडे बघावे लागते. त्याने मेलेले ढोर ओढायचे नाकारले, बुद्धवंदना म्हटली, जयंतीची मिरवणूक काढली, तर गाव त्याच्यावर बहिष्कार टाकते. मजुरी बंद, किराणा बंद, पाणी बंद. मग त्याने जगायचे कसे? धम्म घेतला, मान ताठ झाली, पण पायाखाली जमीन नसेल तर ताठ मान फार दिवस टिकू देत नाहीत. म्हणून सरकारी पडीक जमीन, गायरान आणि वनखात्याची लागवडीजोगी जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी पुढे आली. १९५९ साली महाराष्ट्रात भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह झाला. त्यात केवळ बौद्ध नव्हते, इतर जातींचे गोरगरीब शेतमजूरही होते. दादासाहेबांनी भूमिहीन कोण हे पाहिले, जात पाहिली नाही.

यावर आपल्यातच मतभेद झाले, हे लपवून चालणार नाही. काही शिकलेल्या पुढाऱ्यांचा आक्षेप होता की सत्याग्रह हा घटनेचा मार्ग नव्हे, ही कम्युनिस्टांची रीत झाली. पक्षात फूट पडली. धोतरवाले आणि सूटबूटवाले असे बोलले जाऊ लागले. आक्षेप अगदीच बिनबुडाचा होता असे आम्ही म्हणणार नाही, कारण घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी खुद्द बाबासाहेबांनी सांगितले होते की घटनेचे मार्ग मोकळे असताना सत्याग्रहाचा मार्ग सोडला पाहिजे. पण १९६४ साली दादासाहेबांनी काय केले, ते क्रमाने पाहा.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. सरकारला दोन महिन्यांचा अवधी मिळाला. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर शांततेने सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे आधी अर्ज, मग संसद, मग वाटाघाट आणि शेवटी तुरुंग. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली, असे पक्षाचे म्हणणे होते. महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेश, पंजाब अशा प्रांतांतही लोक उतरले. बायामाणसे लेकरे कडेवर घेऊन तुरुंगात गेली. नाशिकच्या शांताबाई दाणी याच लढ्यात तुरुंगात गेल्या. १९६५ च्या सुरुवातीला सरकारने बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य केल्यावर सत्याग्रह थांबला.

आता त्या सनदेत काय काय होते ते ऐका. कसणाऱ्याला जमीन, भूमिहीनांना पडीक जमीन, धान्याचे योग्य वाटप आणि वाढत्या महागाईला आळा, झोपडपट्टीवासीयांची सोय, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, अस्पृश्यता गुन्हे कायद्याची कडक अंमलबजावणी, नोकऱ्यांतील राखीव जागा भरणे, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. गावाचा प्रश्न कुठे संपतो आणि देशाचा कुठे सुरू होतो, हे यात सांगता येईल का? दिंडोरी तालुक्यातल्या माणसाने वेठबिगारी पाहिली, तिचे कारण शोधले आणि ते कारण दिल्लीच्या दारात नेऊन ठेवले. आम्हाला दादासाहेबांचे खरे राजकारण हे वाटते.

यातल्या दोन मागण्यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने १९६० नंतर बौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. संसदेत तैलचित्रही १२ एप्रिल १९९० रोजीच लागले. म्हणजे सनद दिल्यापासून पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला. दादासाहेब ते पाहायला नव्हते. आज आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी केंद्र सरकारच्या नोकरीत बौद्ध म्हणून राखीव जागेवर लागते, तेव्हा त्यामागे १९६४ साली तुरुंगात गेलेली, सही न येणारी माणसे आहेत. त्यांना स्वतःला त्या नोकरीचा काडीचाही उपयोग नव्हता.

दादासाहेबांचे सगळेच निर्णय सर्वांना पटले नाहीत. १९६७ साली त्यांनी यशवंतराव चव्हाणांशी बोलणी करून काँग्रेसबरोबर समझोता केला. त्यामुळे पक्षाचे बळ गेले असे पुष्कळांचे मत होते आणि आजही आहे. मतभेद जरूर असावेत. पण त्या मतभेदात जमिनीचा प्रश्नच वाहून गेला, ही आपल्या समाजाची खरी हानी झाली.

कारण तो प्रश्न मिटलेला नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, वेठबिगारी सुटली, ही मोठी गोष्ट. पण ठरावीक रक्कम भरून जमीन नावावर करून घ्यायची होती. ज्यांना कळले नाही, ज्यांच्याकडे पैसा नव्हता, जे मुंबईला गिरणीत गेले होते, त्यांच्या जमिनीचे काय झाले? गायरानाचेही तसेच. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. काहींच्या नावे सातबारा झाला, पुष्कळांचा झाला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले. सरकारी आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवाद ठरू शकतात, असेही त्याच निकालात आहे. पण अपवाद सिद्ध करायला कागद लागतो. २०२२ साली महाराष्ट्रात गायरानधारकांना नोटिसा गेल्या, तेव्हा तीस-चाळीस वर्षे कसणाऱ्यांच्या हातात कागदच नव्हता.

दादासाहेबांच्या नावाने २००४ साली सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य आहे. अडचण अशी की सरकारी दरात जमीन विकायला कोणी सहजी तयार होत नाही. पण अर्जच गेले नाहीत, तर योजना कागदावरच राहायची.

मंडळी, दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. एका राजाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि राज्यात तर चोऱ्या-लुटालूट माजलेली असते. त्याचा पुरोहित सांगतो की नुसत्या शिक्षेने हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, म्हणजे लोक दारे उघडी टाकून सुखाने राहतील. दादासाहेबांची सनद आणि हा उपदेश शेजारी ठेवून वाचा. धम्म आणि जमीन या वेगळ्या गोष्टी नाहीत, हे ध्यानात येईल.

आपल्या वस्तीतली बहुतेक घरे गावाहून आलेली. गावी कोणाचा भाऊ, कोणाची चुलती, कोणाची आत्या अजून आहे. आपण जयंतीला वर्गणी पाठवतो, लग्नाला जातो, पण त्यांच्या जमिनीचा कागद पाहतो का? म्हणून आमची विहाराच्या मंडळाला विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास शिकलेल्या पोरांनी बसावे. सातबारा, आठ-अ, फेरफार आता मोबाईलवर पाहता येतात. ज्याच्या त्याच्या गावचा उतारा काढून द्यावा, वतनाच्या जमिनीची नोंद काय आहे ते पाहावे, गायरानाची जुनी दंडाची पावती, पंचनामा, तलाठ्याकडची नोंद जपून ठेवायला सांगावी, आणि भूमिहीन नातेवाइकाचा अर्ज समाजकल्याण कार्यालयात जातो की नाही, याचा पाठपुरावा करावा. वारसाची नोंद करताना लेकींची नावे गाळू नयेत. मुलींना समान वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशात २००५ साली कायद्याने दिला आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच तत्त्वासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते.

हे काम लहान वाटेल. त्याला ना हार-तुरे, ना फोटो. पण काळारामच्या दारात बसणाऱ्यांच्या भाकरीची सोय करणे हेही कामच होते, आणि दादासाहेब घडले ते अशाच कामातून. यंदा १५ ऑक्टोबरला त्यांच्या प्रतिमेला पुष्प वाहताना निदान दहा घरांचे उतारे तपासून झालेले असावेत, एवढीच आमची अपेक्षा.



नमो बुद्धाय! जयभीम!