कलावंताचा आत्मविश्वास आणि उपजीविकेचे अर्थशास्त्र

येथे जमलेल्या तरुण गायक, वादक आणि नर्तकांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असेल : या क्षेत्रात पाय रोवून उभे राहता येईल का? घरातील वडीलधारी मंडळी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात : गाणे ठीक आहे, पण पोटापाण्याचे काय? आत्मविश्वास हा सर्वसाधारणपणे स्वभावाचा गुण मानला जातो आणि तो वाढविण्याचे उपायही मनाच्या पातळीवरच शोधले जातात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र कलावंताचा आत्मविश्वास तीन आधारांवर उभा असलेला दिसतो : टप्प्याटप्प्याने मिळणारे व्यासपीठ, ठरलेले आणि वेळेवर हाती येणारे मानधन आणि स्वतःच्या हक्कांची जाण. हे तिन्ही आधार समाजाला आणि शासनाला निर्माण करता येतात.

व्यवसायाचे वेगळेपण

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणाचे मूलगामी विश्लेषण केले. कारखान्यात यंत्रे सुधारली की एका कामगाराचे तासाभराचे उत्पादन वाढते आणि त्या प्रमाणात वेतनही वाढू शकते. मैफलीत असे घडत नाही. बडा ख्याल मांडायला पन्नास वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. सभागृहाचे भाडे, प्रवास आणि घरखर्च मात्र इतर क्षेत्रांच्या गतीने वाढत राहतात. त्यामुळे केवळ तिकीटविक्रीवर कलावंताचा आणि संस्थेचा खर्च भागणे उत्तरोत्तर कठीण होते.

दुसरे वैशिष्ट्य शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. ध्वनिमुद्रणासारख्या साधनांमुळे एकच कलावंत असंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचू शकतो. अशा बाजारपेठेत गुणवत्तेतील लहानशा फरकाचे रूपांतर उत्पन्नातील प्रचंड तफावतीत होते. समाजमाध्यमांच्या काळात ही तफावत अधिकच ठळक झाली आहे. तरुण कलावंताने यातून एक गोष्ट मनाशी पक्की बांधावी. आरंभीच्या वर्षांतील तुटपुंजे मानधन हा त्याच्या कलेवरील निकाल नसतो. तो बऱ्याच अंशी बाजारपेठेच्या रचनेचा परिणाम असतो. हे न उमगल्यामुळे अनेक गुणी कलावंत ऐन उमेदीत कला सोडून देतात आणि त्यांच्यासोबत पंधरा-वीस वर्षांची साधनाही लोप पावते. देशाच्या दृष्टीने हा मानवी भांडवलाचाच ऱ्हास होय.

पलुस्करांचा धडा

कलावंताच्या स्वाभिमानाचा विचार पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांना वगळून करता येत नाही. मिरज संस्थानाच्या आश्रयातून ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर, म्हणजे देणग्या आणि जाहीर जलशांच्या उत्पन्नावर संगीतशिक्षण चालू शकेल, हा त्यांचा विश्वास होता. संगीताला आणि संगीतकाराला समाजात प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांना मोठे यश आले. परंतु मुंबईत विद्यालयासाठी उभारलेली वास्तू कर्जापायी लिलावात गेली. एवढ्या थोर पुरुषाच्या बाबतीत विद्या, निष्ठा किंवा आत्मविश्वास यांपैकी काहीही कमी नव्हते. नियमित उत्पन्नाचा आधार तेवढा अपुरा पडला. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. अभ्यासक्रम, परीक्षा आणि संलग्न विद्यालये यांच्या जाळ्यामुळे असंख्य संगीतशिक्षकांना उपजीविकेचे साधन मिळाले. व्यक्तीचे धैर्य संस्थेत रुजले, तेव्हाच ते टिकले.

पायरीपायरीने व्यासपीठ

सभाभीतीवर आपल्या परंपरेने फार पूर्वीच उपाय शोधला होता. शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो आणि गुरूने खूण केली की मध्येच एखादा आलाप भरतो. मैफलीची जबाबदारी त्याच्यावर नसते, पण श्रोत्यांची नजर त्याच्यावर असते. जोखीम थोडी आणि अनुभव मोठा, अशी ही योजना आहे.

चेन्नईच्या मार्गळी महोत्सवात हेच तत्त्व संस्थात्मक रूपात आढळते. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास म्युझिक अकादमीत दुपारच्या सभा उदयोन्मुख कलावंतांसाठी आणि सायंकाळच्या सभा ज्येष्ठांसाठी असतात. दुपारकडून संध्याकाळकडे होणारी वाटचाल हीच तेथील कलावंताची बढती होय. आकाशवाणीनेही बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी ठरवून मानधन श्रेणीशी जोडले. लहान गावातील वादकालाही त्यामुळे आपले स्थान सांगणारे एक अधिकृत प्रमाण मिळाले.

संस्थेच्या निर्णयांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती आणि ती १९७१ च्या सुमारास अंशतः उठली. एका धोरणामुळे संवादिनीवादकांच्या दोन पिढ्यांना एका मोठ्या व्यासपीठाला मुकावे लागले. कलाविषयक निर्णय हा कलावंताच्या चुलीशी निगडित निर्णय असतो, याचा विसर पडता कामा नये.

हक्कांची जाण

भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा प्रथम स्वामी सामान्यतः निर्माताच ठरतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये लावला आणि गीतकार-संगीतकारांची बाजू दुबळी झाली. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंतांचे स्वतंत्र हक्क मान्य केले. १९९९ मध्ये त्यांची मुदत ५० वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीने मोठे पाऊल उचलले. चित्रपटातील गीतकार व संगीतकारांना स्वामित्वशुल्कातील आपला समान वाटा आता करारानेही सोडून देता येत नाही आणि व्यापारी वापरासाठी कलावंतालाही स्वामित्वशुल्काचा हक्क मिळाला. गायकांच्या वतीने असे शुल्क गोळा करण्यासाठी इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही संस्था २०१३ मध्ये स्थापन झाली.

कायदा असला तरी करारपत्र न वाचता सही करणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही. ‘प्रसिद्धी मिळेल’ या आश्वासनावर विनामूल्य कार्यक्रम स्वीकारण्याची पद्धत याच अज्ञानावर पोसली जाते. कार्यक्रमाची तारीख, मानधन, प्रवासखर्च, साथीदारांचा वाटा आणि ध्वनिचित्रमुद्रणाच्या वापराच्या अटी लेखी असाव्यात. लोककला किंवा अभिजात कलेच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, यासारख्या तरतुदी प्रत्येक कलावंताला ठाऊक असायला हव्यात. हिशेबाची वही तानपुऱ्याइतकीच जपली पाहिजे.

लोककलावंतांचा प्रश्न

राजस्थानातील लंगा आणि मांगणियार गायकांचे जीवन पिढ्यान् पिढ्या यजमान घराण्यांवर अवलंबून होते. लग्न, जन्म अशा प्रसंगी गाण्याचा हक्क आणि त्याबद्दल धान्य, पशू वा रोख बिदागी, अशी ती व्यवस्था होती. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापन केले आणि कोठारींच्या प्रयत्नांतून हे गायक देशविदेशांच्या रंगमंचावर पोहोचले. व्यासपीठ विस्तारले, तथापि निमंत्रण एकाला आणि परंपरा साऱ्या समाजाची, असा नवा पेचही निर्माण झाला. यजमानाने मोडलेला शब्द गावात सर्वांना कळत असे. दूरच्या आयोजकाने थकविलेले पैसे वसूल करणे निरक्षर गायकाला अवघड जाते. २०२० मध्ये महासाथीमुळे रंगमंच बंद झाले, तेव्हा शहरी साथीदार आणि ग्रामीण लोककलावंत यांची असुरक्षितता सारखीच असल्याचे स्पष्ट झाले. दोघेही असंघटित क्षेत्रातील श्रमिक आहेत.

पुढील दिशा

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती आणि संगीत नाटक अकादमीचा चाळीस वर्षांखालील कलावंतांना २००६ पासून दिला जाणारा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु शिष्यवृत्ती संपल्यानंतरची पाच-सात वर्षे सर्वांत कसोटीची असतात. त्या काळासाठी जिल्हा पातळीवर नियमित सभा, किमान मानधनाचे संकेत, साथीदारांना थेट प्रदान, तसेच संगीत विद्यालयांच्या अभ्यासक्रमात करार, कर आणि प्रताधिकार यांचे प्राथमिक शिक्षण, एवढ्या गोष्टी झाल्या तरी चित्र पालटू शकेल. शासकीय निधीतून होणाऱ्या कार्यक्रमांत मानधन ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन घालून शासनाने स्वतःपासून आरंभ करावा.

रियाज कलावंतालाच करावा लागतो. त्यास पर्याय नाही. मात्र पहाटे तानपुरा जुळविणाऱ्या मुलीला महिनाअखेरच्या भाड्याची धास्ती वाटू नये, एवढी व्यवस्था उभारणे हे समाजाचे कर्तव्य आहे. तिचा षड्ज स्थिर लागण्यात त्या निश्चिंततेचाही वाटा असतो.