सहीचें मोल

अमेरिकेंत जुलै महिन्याच्या मध्यास शेंकडों घरांतून एकच दृश्य दिसतें. बैठकीच्या खोलींत आईबाप, भावंडें आणि शेजारी जमलेले असतात. मध्यभागीं नुकताच शाळा संपविलेला अठरा वर्षांचा मुलगा बसलेला असतो. आणि सर्वांचें लक्ष दूरध्वनीकडे लागलेलें असतें. घंटा वाजते, मुलाचें नांव पुकारलें जातें, आणि घरांत आनंदाचा एकच कल्लोळ उठतो. बेसबॉल या त्या देशाच्या लाडक्या खेळांतील तीस मोठ्या संघांपैकीं एकानें त्याला निवडलेलें असतें. हा आनंद ओसरतो न ओसरतो तोंच एक व्यवहाराचा प्रश्न उंबरठ्याशीं येऊन उभा राहतो. करारावर सही करण्याबद्दल संघ त्या मुलाला जी एकरकमी बक्षिसी देतो, जिला तिकडे बोनस म्हणतात, ती किती असावी?

या रकमेला इतकें महत्त्व कां, हें समजण्यासाठीं पुढचा मार्ग ध्यानांत घेतला पाहिजे. निवडलेला मुलगा एकदम मोठ्या मैदानावर उतरत नाहीं. दुय्यम संघांच्या पायऱ्या त्याला एकेक करून चढाव्या लागतात, लांबलांबचे प्रवास करावे लागतात, आणि या काळांतील वेतन बेताचेंच असतें. चढणाऱ्यांपैकीं बहुतेकजण वरच्या पायरीपर्यंत पोहोंचतच नाहींत. कोणाचा खांदा दुखावतो, कोणाचें कसब अपुरें ठरतें. म्हणून पुष्कळ घरांच्या बाबतींत सहीच्या वेळीं मिळालेली रक्कम हीच त्या खेळाची पहिली आणि शेवटची मोठी कमाई असते.

पूर्वीं हा सौदा खुल्या बाजाराचा होता. ज्या संघाला जो मुलगा हवा, त्यानें त्याच्या घरीं जावें आणि चढती बोली करावी. या चढाओढीला आवर घालण्यासाठीं १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत असा नियम होता कीं, ज्याला ४ हजार डॉलरांहून अधिक मिळतील, त्याला दोन वर्षें मोठ्या संघांतच ठेवावें. १९५४ सालीं ब्रुकलिन डॉजर्स संघानें सँडी कोफॅक्स या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, १४ हजार डॉलर बोनस देऊन घेतलें. पुढें जगद्विख्यात झालेल्या या तरुणाला नियमापायीं आरंभीचा काळ बहुतांशीं बांकावर बसून काढावा लागला. तरीही बोली चढतच राहिली. १९६४ सालीं रिक रायकार्ट या विद्यार्थ्याला एंजल्स संघानें २ लक्ष ५ हजार डॉलर दिले, तेव्हां मालकवर्गाचा धीर सुटला. दुसऱ्याच वर्षीं, १९६५ च्या जूनमध्यें, ड्राफ्ट या नांवानें ओळखली जाणारी निवडीची पद्धति सुरू झाली. त्या वर्षींचा पहिला मानकरी रिक मंडे याला सुमारें १ लक्ष डॉलर मिळाले. म्हणजे आदल्या वर्षींच्या आंकड्याच्या निम्मे.

या पद्धतींत संघ ठरलेल्या क्रमानें एकेक खेळाडू निवडतात, आणि एकदां निवड झाली कीं त्या मुलाशीं करार करण्याचा अधिकार त्या एकाच संघाला राहतो. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावांत एका खेळाडूसाठीं अनेक संघ हात वर करतात आणि त्यांच्या अहमहमिकेंतून भाव चढतो. येथें गिऱ्हाईक एकच. मग विकणाऱ्याच्या हातीं उरतें काय? उरतो फक्त एक शब्द, आणि तो म्हणजे ‘नाहीं’.

शाळा संपविलेला मुलगा संघाला सांगूं शकतो कीं, रक्कम पटत नसेल तर आपण विद्यापीठाची वाट धरूं आणि तीन वर्षांनीं पुन्हां निवडीला उभे राहूं. विद्यापीठांतील तिसऱ्या वर्षाचा खेळाडू आणखी एका वर्षासाठीं परत जाऊं शकतो. परंतु शेवटचें वर्ष संपविलेल्याला परत जाण्यास जागाच नसते, आणि त्याला बहुधा कांहीं हजार डॉलरांवर समाधान मानावें लागतें. अंगचें कसब तेंच. पण नकाराची शक्ति संपली कीं भाव कोसळतो. संघांचे पारखी हें पक्कें जाणून असतात. म्हणूनच निवडीच्या आधींच ते घरोघर जाऊन विचारतात, ‘किती दिले तर मुलगा सही करील?’

हा नकार कसा वापरावा, याचा धडा १९९१ सालीं नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील एका गरीब कुटुंबानें घालून दिला. ब्रायन टेलर हा डावखुरा पिचर त्या वर्षीं सर्वांत प्रथम निवडला गेला. निवडणारा संघ न्यू यॉर्क यांकीज, सर्वांत श्रीमंत आणि नांवाजलेला. मुलाचे वडील गवंडी होते, आई माशांच्या कारखान्यांत काम करीत असे. बोलण्यांची सूत्रें त्या माउलीनें आपल्या हातीं ठेवलीं. आदल्या वर्षीं टॉड व्हॅन पॉपेल या शाळकरी पिचरला ओकलंडच्या संघानें १२ लक्ष डॉलरांचा करार दिला होता. मग पहिल्या क्रमांकाच्या मुलाला त्याहून कमी कां, एवढाच तिचा प्रश्न होता. सल्लागार पाठीशीं होता. पण न डगमगतां वाट पाहण्याचें काम तिनेंच केलें. उन्हाळा सरत आला, मुलाचें महाविद्यालय सुरू होण्याची वेळ आली, आणि संघानें १५ लक्ष ५० हजार डॉलर मान्य केले.

१९९३ च्या डिसेंबरांत भावाच्या कैवारासाठीं झालेल्या एका झटापटींत टेलरचा डावा खांदा निखळला, आणि मोठ्या संघांतून एकही सामना न खेळतां त्याची कारकीर्द संपली. आईनें पहिल्याच रकमेला होकार दिला असता, तर ते गेलेले डॉलर पुढें कधींही भरून निघाले नसते.

अशा मोठ्या रकमांना लगाम घालण्यासाठीं २०१२ सालापासून नवी व्यवस्था आली. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकाला एक ठरीव भाव लावण्यांत आला, आणि त्या भावांची बेरीज ही त्या संघाची वर्षाची थैली ठरली. थैलीपेक्षां जास्त खर्च केल्यास कर भरावा लागतो. शेंकडा ५ हून अधिक ओलांडल्यास पुढील वर्षींच्या पहिल्या फेरीतील निवडीवरही पाणी सोडावें लागतें. हे नियम मालक आणि खेळाडूंची संघटना यांनीं मिळून केले. परंतु ज्या मुलांच्या रकमा त्यांनीं बांधल्या, तीं मुलें त्या संघटनेचीं सभासद नव्हतीं. त्यांच्या वतीनें बोलणारें तेथें कोणीच नव्हतें.

थैलीमुळें बोलण्यांचें स्वरूप पालटलें. एकाकडे वांचविलेले डॉलर दुसऱ्याला देतां येऊं लागले. ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघानें २०१२ सालीं पोर्तो रिकोचा कार्लोस कोरेया याला पहिल्या क्रमांकावर निवडलें. त्या जागेचा भाव ७२ लक्ष डॉलर होता. सही ४८ लक्षांवर झाली. उरलेल्या रकमेचा आधार घेऊन संघानें लान्स मॅकलर्स या शाळकरी पिचरला २५ लक्ष डॉलर देऊं केले आणि विद्यापीठाच्या वाटेवरून वळविलें. २०१७ सालीं हे दोघेही ॲस्ट्रोजच्या अजिंक्य संघांत होते.

परंतु एकाच थैलींत अनेकांचीं नशिबें बांधलीं गेलीं म्हणजे काय होतें, हें त्याच संघानें २०१४ सालीं दाखविलें. ब्रॅडी एकेन हा शाळकरी पिचर प्रथम निवडला गेला, आणि ६५ लक्ष डॉलरांवर बोलणें ठरल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. नंतर वैद्यकीय तपासणी झाली. कोपरांतील अस्थिबंधाविषयीं संघाला शंका आली आणि देऊं केलेली रक्कम सुमारें ३१ लक्षांवर उतरली. इतकी रक्कम देऊं केली असली, कीं सही न झाल्यास संघाला भरपाई म्हणून पुढील वर्षीं तितकीच मोलाची निवड मिळे. हा आंकडा त्या नियमांतून आलेला होता. शेवटच्या दिवशीं, १८ जुलैला, संघ ५० लक्षांपर्यंत चढल्याचें सांगण्यांत आलें. पण तोंवर विश्वास उडाला होता. मुलगा ‘नाहीं’ म्हणाला.

या नकाराचा घाव तिसऱ्याच माणसावर बसला. पांचव्या फेरींत निवडलेल्या जेकब निक्स या मुलाशीं १५ लक्ष डॉलरांचा सौदा ठरला होता, आणि तो एकेनच्या जागेवरील बचतीवर उभा होता. एकेननें सही न करतांच त्या जागेचे सुमारें ७९ लक्ष डॉलर थैलींतून वजा झाले, आणि ज्याच्या कोपराविषयीं कसलाही वाद नव्हता त्या निक्सचा सौदाही कोसळला. त्यानें तक्रार नोंदविली, आणि ती पुढें आपसांत मिटली. दुसऱ्या वर्षीं सॅन डिएगोच्या संघाशीं त्यानें ९ लक्षांवर करार केला.

संघाची शंकाही निराधार नव्हती. २०१५ च्या मार्चांत एकेनच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. जूनमध्यें क्लीव्हलंडच्या संघानें त्याला सतराव्या क्रमांकावर निवडलें; सुमारें २५ लक्ष डॉलर मिळाले; पण मोठ्या संघापर्यंत तो पोहोंचला नाहीं. ॲस्ट्रोजनीं मात्र भरपाईच्या निवडींतून ॲलेक्स ब्रेगमनसारखा खंदा खेळाडू मिळविला. बोलणीं फिसकटल्यास संघाला दुसरी निवड मिळते. मुलाला दुसरें कोपर मिळत नाहीं.

नकार नेहमीं अंगाशीं येतो, असेंही नाहीं. मार्क ॲपेल यानें २०१२ सालीं पिट्सबर्गचे ३८ लक्ष डॉलर नाकारले, आणि पुढच्याच वर्षीं ह्यूस्टनकडून ६३ लक्ष ५० हजार घेतले. मोठ्या संघांत त्याचें पहिलें पाऊल पडण्यास मात्र २०२२ साल उजाडावें लागलें. तोंवर तो तीस वर्षांचा झाला होता. एका वर्षाचा धीर फळास आला, आणि पैसा आधीं हातीं आला हेंही बरेंच झालें.

२०२२ च्या करारानें एकेनच्या प्रसंगावर कांहींसा उपाय केला. नामांकित उमेदवारानें निवडीच्या आधींच ठरलेली वैद्यकीय तपासणी करून घेतली, तर संघानें त्याला जागेच्या भावाच्या निदान शेंकडा ७५ इतकी रक्कम देऊं केलीच पाहिजे, असें ठरलें. तपासणी आधीं आणि शब्द नंतर, हा क्रम न्यायाचा आहे. दिलेला शब्द तपासणीनंतर फिरविला जाणें, हेंच त्या उन्हाळ्यांतील खरें दुखणें होतें.

ऐकणाऱ्याला वाटेल कीं, इतक्या कोंवळ्या वयांत एवढी रक्कम मिळत असतां घासाघीस कशाला? संघाचेंही म्हणणें खोटें नाहीं. निवडलेल्यांपैकीं बहुतेकांवरचा खर्च बुडीतच जातो, आणि सावधपणें वागणें हा त्याचा धर्मच आहे. परंतु संघ आपला धोका अनेक मुलांवर वांटून टाकतो. मुलाला तो सारा आपल्या एका देहावर घ्यावा लागतो. त्या बैठकीच्या खोलींत जे आईबाप बसलेले असतात, त्यांनीं खरें सांभाळावयाचें तें हेंच. विद्यापीठाचा दरवाजा नुसता भाव वाढविण्यापुरता उघडा ठेवून भागत नाहीं. त्या दरवाज्यानें जाण्याची मुलाची मनापासून तयारी असेल, तरच त्याच्या नकाराला वजन येतें. आणि ज्या सहीमागें असा खरा नकार उभा असतो, तिचेंच योग्य मोल होतें.