सक्तीवाचून समन्वय : युरोपातील रोजगार-धोरण



बेकारीचा प्रश्न प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे सोडवावयाचा, की शेजारी राष्ट्रांशी विचारविनिमय करून? १९९० नंतरच्या दशकात युरोपीय संघापुढे हा प्रश्न उभा राहिला. बाजारपेठ एक झाली होती, समाईक चलन येऊ घातले होते. परंतु कामगार कायदे आणि बेकारभत्ता या ज्याच्या त्याच्या अखत्यारीतील बाबी होत्या. तो अधिकार सोडावयास कोणतेही सरकार तयार नव्हते.

१९९७ च्या ॲमस्टरडॅम तहात रोजगाराविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्झेंबर्ग येथे कार्यपद्धती ठरली. सर्वांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे ठरवावयाची; प्रत्येक देशाने आपला कार्यक्रम मांडावयाचा; इतरांनी तो तपासावयाचा आणि शेवटी शिफारशी करावयाच्या. शिफारस न पाळणाऱ्यास दंड नाही. सारी भिस्त परस्परांच्या अनुभवावर आणि लोकलज्जेवर.

तुलनेसाठी माप एकच हवे. म्हणून जो कामावर नाही, ज्याने गेल्या चार आठवड्यांत काम शोधले आहे आणि जो दोन आठवड्यांत रुजू होऊ शकतो, त्यासच पाहणीत बेकार मानतात. केवळ कार्यालयातील नोंदणी पुरेशी मानली जात नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. २०१० पर्यंत काम करण्याच्या वयातील ७० टक्के लोकांना व ६० टक्के स्त्रियांना रोजगार मिळावा, असे उद्दिष्ट २००० साली लिस्बन येथे मुक्रर झाले. ते गाठता आले नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तर स्थिती बिघडली. २०१३ मध्ये स्पेन व ग्रीस येथे श्रमबाजारात उतरलेल्या २५ वर्षांखालील तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते.

त्याच वर्षी 'युवा हमी' स्वीकारण्यात आली. शिक्षण संपल्यापासून किंवा काम सुटल्यापासून चार महिन्यांत २५ वर्षांखालील तरुणास नोकरी, पुढील शिक्षण, शिकाऊ उमेदवारी अथवा प्रशिक्षण यांपैकी काही देऊ करावे, असे ठरले. २०२० मध्ये ही वयोमर्यादा ३० वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. युरोपातील हमी ही सदस्य देशांना केलेली शिफारस होय. ती प्रत्यक्षात उतरविणे सर्वस्वी त्या त्या सरकारच्या हाती राहते.

यातून काय घ्यावे? समान उद्दिष्ट, समान माप आणि एकमेकांच्या कामाची उघड तपासणी यांमुळे सरकारांना आपले अपयश झाकून ठेवता येत नाही, हा मोठाच लाभ आहे. तथापि अहवालाने कोणास काम मिळत नाही. ते मिळते स्थानिक रोजगार कार्यालय, शाळा आणि कारखाना यांची सांगड बसल्यावर. चार महिन्यांची मुदत कागदावर लहान दिसते. काम शोधणाऱ्या तरुणाला ती फार मोठी वाटते. समन्वयाची खरी कसोटी तेथेच लागते.