विकलेली वस्तू परत आली तर

(मंडळाच्या गणेशोत्सवात शाहपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही दोघा भावांनी "जुनी नाणी" असे सांगितले होते. कार्यकर्ते म्हणाले, नाण्यांचे खूप ऐकले, तुम्ही पैसे परत मागणाऱ्यांचे सांगा. त्यांचेही खरे आहे. आज घरोघरची मुले मोबाइलवर काही ना काही विकतात. आजोबांची पोस्टाची तिकिटे, जुने दिवाळी अंक, काडेपेट्यांचे छाप, जॉर्ज राजाचे रुपये. फोटो काढला, किंमत टाकली की विक्री झाली. आठ दिवसांनी संदेश येतो, "वस्तू पसंत नाही, पैसे परत करा," आणि मग घरात चर्चा सुरू होते की द्यावे की न द्यावे.

ही चर्चा काही मोबाइलने आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्री रद्द करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाऱ्याला मन बदलायला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच, अशी मुदत त्यात दिली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तर मुदत माणसावर नसून वस्तूवर आहे. लोखंड पारखायला एक दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा. बियाण्याला दहा का, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही, उगवल्याशिवाय कळणार कसे! आम्हाला हा दुसरा विचार जास्त पटतो. आम्ही आमच्या वस्तूंना सात दिवस देतो. कोणी विचारले की सातच का, तर सांगतो की रत्नांचा हिशेब लावलाय.

आपल्या बाजारातही हे होतेच. बैल विकताना त्याची खोड आधी सांगायची, ही रीत होती. सांगून विकलेल्या मारक्या बैलाची तक्रार चालत नसे, लपवून विकलेल्याची पंचांपुढे चाले. आणि साडीवाले, सराफ जांगड माल देतात तो आपल्या आयाबायांना माहीत आहेच. घरी न्या, बघा, पटले तर ठेवा. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात ही जांगड चक्क 24 व्या कलमात आहे. ऑनलाइन विक्री म्हणजे फोटो दाखवून दिलेली जांगडच आहे, इतके मनाशी धरले तर निम्मी भांडणे होत नाहीत. समोरच्याने वस्तू हातात घेतलेलीच नसते.

आता आजचा कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, आणि ई-कॉमर्सचे नियम जुलै 2020 चे. वस्तू सदोष निघाली, नकली निघाली, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली किंवा कबूल मुदतीनंतर पोचली, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा. घरातली एखादी वस्तू एकदाच विकणाऱ्याला हे नियम लागत नाहीत, नित्य विकणाऱ्याला लागतात. "मला आता नको वाटते" हे कारण मात्र त्यात नाही. तिथे तुम्ही जाहिरातीत काय लिहिले आहे आणि त्या विक्रीच्या ॲपचे काय नियम आहेत, ते चालते. म्हणून लिहिताना कंजूषपणा करू नये.

एक उदाहरण सांगतो. 1944 चा रुपया आम्ही विकला. मोठ्या शहरातल्या गृहस्थांनी घेतला आणि लगेच सराफाकडे नेला. सराफ म्हणाला, यात चांदी निम्मीच आहे. गृहस्थांचा रागाचा संदेश आला, "फसवलेत." मंडळी, सराफ खोटे बोलला नव्हता. आधीच्या रुपयात चांदी बारा भागांत अकरा असे. लढाईच्या दिवसांत, 1940 पासून, ती निम्म्यावर आणली आणि बाकी तांबे, निकेल, जस्त घातले. वजन मात्र तेच ठेवले, 11.66 ग्रॅम. काट्यावर फरक कळतच नाही. 1946-47 ला तर चांदीच गेली आणि निकेलचा वाघाचा रुपया आला. आमच्या जाहिरातीत "निम्मी चांदी" हे शब्द पहिल्याच ओळीत होते. आम्ही ती ओळ त्यांना पाठवली, आणि खाली लिहिले की तरीही सात दिवस झालेले नाहीत, परत पाठवा, टपालखर्च तुमचा. त्यांनी नाणे ठेवून घेतले. पुढे त्यांनी आमच्याकडून वाघाचा रुपयाही घेतला.

आमच्या धाकट्याचे म्हणणे होते की लिहिले होते तर परत कशाला घ्यायचे? कायद्याने त्याचे बरोबर होते. पण हौसेच्या वस्तूचे गिऱ्हाईक मोजके असते आणि ते आपापसात बोलते.

दुसरी गोष्ट वेगळी आहे. एका नववीतल्या मुलाने वडिलांच्या मोबाइलवरून आमच्याकडून एकामागून एक तिकिटे घेतली. महिन्याने वडिलांचा फोन आला. सुरुवातीला आवाज चढलेला, मग एकदम उतरला. ते पैसे त्यांनी खतासाठी ठेवले होते. सात दिवस केव्हाच उलटले होते, आणि पावसाळी हवेत काही तिकिटांचा गोंद धरून ती एकमेकांना चिकटलीही होती. आता काय करायचे? अज्ञान मुलाशी केलेला करारच मुळी रद्द, हे 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात ठरवून टाकले आहे. आम्ही सगळे पैसे दिले, चिकटलेल्या तिकिटांचेही. मुलाला एक कागदी अल्बम ठेवून घ्यायला सांगितले. वडिलांना ते फारसे आवडले नसावे.

तिसरी गोष्ट कडू आहे, आणि तीच नेमकी तुमच्या मुलांना भेटणार आहे. 1945 चा एक रुपया, न वापरल्यासारखा लखलखीत, आम्ही पाठवला. पाच दिवसांनी "परत" अशी नोंद झाली. पार्सल उघडले तर आत 1945 चाच रुपया, पण झिजलेला, राजाच्या कानावरचे केस पार सपाट. आमच्या नाण्याच्या मुकुटाजवळ बारीक ओरखडा होता, याच्यावर नव्हता. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे फोटो होते, काट्यावरचे वजन होते, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ होता. सगळे पाठवले. ज्या ॲपवर विकले होते त्यांनी "परतीचे पार्सल पोचले आहे" एवढेच बघितले आणि पैसे गिऱ्हाइकाला देऊन टाकले. दाद मागितली, उत्तर आले की निर्णय अंतिम आहे. ग्राहकाला 1915 ही हेल्पलाइन आहे, विक्रेत्याला बाप्पा.

पुरावा असूनही हरलो, तरी पुरावा ठेवणे आम्ही सोडले नाही. इतर दोन वेळा त्यानेच आमचे पैसे वाचले. आम्ही नाणे कागदी होल्डरमध्ये घालून चारही पिना मारतो, जोडावर सहीची चिकटपट्टी लावतो आणि जाहिरातीत लिहितो की पट्टी तुटली तर परत नाही. नाणे होल्डरमधून न काढता दोन्ही बाजूंनी दिसते, तेव्हा पारखायला अडचण नसते. प्रत्येक नाण्याची एक खूण, म्हणजे ओरखडा, खड्डा, डाग, जवळून टिपून ठेवतो. खरेदीदारालाही पार्सल उघडताना व्हिडिओ काढायला सांगतो. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे. आणि टपालाची पावती टाकू नका. 2025 साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले. जुन्या सवयीने "रजिस्टर करा" म्हणणाऱ्यांनी पावतीवर काय लिहून आले ते वाचावे.

पैसे परत देताना घाई करू नका. वस्तू हातात आली, खूण जुळली, मग पैसे, आणि ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. "माझे ते खाते बंद झाले, भावाच्या नंबरवर टाका" असे कोणी म्हणाले की थांबा. दुसरा प्रकार असा की माणूस पैसे पाठवल्याचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, चुकून एक शून्य जास्त पडले, वरचे परत करा. फोटो कोणीही बनवतो, तुम्ही बँकेचे खाते उघडून बघा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना रोज सांगा. फसलात तर 1930 ला ताबडतोब फोन करा, तासातासाने फरक पडतो. आणि ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखाला घेतो म्हणणाऱ्याला आधी "शुल्क" भरू नका. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितले की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांवर शुल्क मागणारे लोक आमचे नव्हेत.

आता तो नेहमीचा प्रश्न. बऱ्हाणपूर ही मोगलांची टाकसाळ, असीरगड पडल्यावर अकबराने ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली, मग तुम्ही बऱ्हाणपुरी रुपये का विकत नाही? त्याचे कारण 1972 चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षांवरचे नाणे पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवणे तर गुन्हाच. परदेशातल्या गिऱ्हाइकाला तसली वस्तू पाठवली आणि त्याने परत केली, तर तुमचे पैसे हा शेवटचा प्रश्न राहील. म्हणून आम्ही अलीकडचाच माल ठेवतो. 2025 ला 'छावा' चित्रपट आला आणि असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन खणू लागले, ते तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिलेच. तेव्हा आम्हालाही "माल आहे, विकून द्या" असे फोन आले. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असेल तर कलेक्टरला कळवावे लागते, हा कायदा 1878 चा आहे आणि अजून चालू आहे. फोन करणाऱ्यांना आम्ही तेवढेच सांगितले. पुन्हा फोन आला नाही.

आरतीला अजून अर्धा तास आहे. आम्ही काटा आणि भिंग आणले आहे, ते टेबलावर आहे. कोणी घरची नाणी आणली असतील तर पुढे या, मावशी, तुम्ही आधी या. फक्त चिंचेने घासून आणली असतील तर तसे आधी सांगा, म्हणजे जाहिरातीत लिहिता येईल.